सहा टीव्ही, भाड्याने

अन्वर मणियार लग्नांत पडदे लावतो.
उदगीरच्या बंद डाळमिलमध्ये त्याने
सहा टीव्ही उतरवले, बारदान्यात गुंडाळलेले,
आणि विचारलं, "नवरदेव कुठला?"
लग्न नाही, म्हटलं.
माणसं एकमेकांशी कशी बोलतात, ते दाखवायचंय.
वायरचा गुंता सोडवत तो म्हणाला,
"मग एकच लावा की. एका टायमाला एकानंच बोलावं."

अर्जात मी लिहिलं होतं: सहा पडदे, चार भाषा, एक श्वास.
अनुदानाच्या अर्जात असंच लिहावं लागतं.
हातात होतं ते हे:
चालू मिलमधल्या पोत्यांवर चढून रेंज शोधणारी
गयाबाई सोनकांबळे, पुण्याच्या लेकीला
सतरा वेळा हॅलो म्हणणारी;
बिदर रोडवरचा चहावाला, जो कन्नडात मोजतो,
मराठीत उधार देतो
आणि शिव्या दखनीत राखून ठेवतो;
दोन जावा, एक चूल, नऊ मिनिटं,
शब्द एकही नाही, फक्त एक पातेलं
जरा जास्तच जोरात ठेवलेलं.

आणि हाळीचा बाजार.
देवणी खोंडाजवळ हणमंत बिराजदार
आणि उमरग्याचं गिऱ्हाईक,
रुमालाखाली हातात हात, तोंडं तिसरीकडेच.
मी विचारलं, रुमाल जरा वर धराल?
बिराजदार हसले. "ताई, रुमाल उचलला की भाव मेला."
मग माझाच हात ओढला रुमालाखाली,
तीन बोटं धरली, एक सोडलं,
अंगठा दाबला.
किंमत झाली कशाची तरी.
कॅमेऱ्याची, की माझी, ते बोलले नाहीत.
त्या पडद्यावर आता नुसता रुमाल हलतो,
खाली उंदीर असावा तसा.

पाचव्यावर माधव, मूकबधिर शाळेतला, वय अकरा.
तळहात डोळ्यांसमोर आणतो,
मग हवेतून काहीतरी बाजूला सारतो.
पुन्हा. पुन्हा.
मला ते इतकं आवडलं
की मी ते संथ केलं, रंग काढून टाकला,
खाली नाव दिलं: मौन.

सहाव्यावर काय, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.
तिथे निळ्या पाटीवर नो सिग्नल,
आणि उद्घाटनाला आलेल्या साहेबांना
तोच सगळ्यांत खोल वाटला.

गयाबाई दुसऱ्या दिवशी आली, पाळी संपल्यावर,
केसांत तुरीचा भुसा.
स्वतःला पाहिलं, पदर सारखा केला,
"मी एवढी वरडते व्हय?" म्हणाली.
मग पाचव्यापाशी थांबली.
बराच वेळ.
"ह्या लेकराला कशाला तरास देलालाव?"
मी समजावू लागले, की शब्दांच्या पलीकडे,
म्हणजे शांततेचं जे एक...
"लाईट डोळ्यावर यायलाय म्हणतंय ते.
बाजूला घ्या म्हणतंय. कवाधरून म्हणतंय."

तुम्हाला कसं कळलं?

"मशीन चालू असली की
आमी बाया दिसभर असंच बोलताव."
तिने हात उचलला, डोळ्यांपुढे धरला, सारला.
अगदी तोच. फक्त संथ नाही.

दिवा माझा होता. एलईडीचा, पुण्याहून मागवलेला.
त्याच्या मागे मी, एक डोळा मिटून,
चौकट सांभाळत.
दोन महिने तो मला सांगत होता
आणि मी त्याचं संकलन करत होते.

रात्री अन्वर टीव्ही न्यायला आला.
देगलूरला हळद होती.
प्लग काढताना मी नाव तेवढं पुसलं,
दुसरं सुचलं नाही.
मालगाडीत टीव्ही चढवताना त्याने विचारलं,
"जमलं का मग? बोलले का माणसं?"

मी हात खिशात घातला.
तीन बोटं, एक सोडलेलं, अंगठा.
अजून हिशेब लागत नाही.
उद्या शाळेत जायचंय, दिवा न घेता.
माधवला विचारायचंय.
कसं विचारायचं, ते आधी
गयाबाईला विचारायचंय.